घासाची मुखत्यारी

न्यू जर्सी राज्यात एडिसन या गावी माझी मुलगी राहते. तिच्या स्वयंपाकघरातील फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवलेला एक छापील तक्ता असतो. दर सोमवारी जुना निघतो व नवा चढतो. माझा पावणेदोन वर्षांचा नातू दिवसाचे नऊ तास ज्या पाळणाघरात काढतो, त्याच्या दप्तरातून हा कागद येतो, आणि सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण व मधल्या वेळचे खाणे या तीन रकान्यांत पाचही दिवसांचा तपशील त्यात असा काटेकोर भरलेला असतो, की मामलेदार कचेरीतल्या जमाबंदीच्या कागदाने त्यापुढे लाजावे. न्याहारीला दूध चार औंस, फळ अथवा भाजी पाव कप, धान्य अर्धा औंस; दुपारी दूध पुन्हा चार औंस, मांस किंवा त्याच्या बदली डाळ, अंडे, चीज यांपैकी काही एक औंस, भाजी अष्टमांश कप, फळ अष्टमांश कप, धान्य अर्धा औंस; आणि मधल्या वेळी दूध, मांसवर्ग, भाजी, फळ, धान्य या पाचांपैकी कोणतेही दोन. अष्टमांश कप म्हणजे किती, हे माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी पाणी ओतून मोजून पाहिले. दोन मोठे चमचे भरले. तीन मुले हाताच्या अंदाजाने वाढवलेल्या त्या बाईने चमचा ओट्यावर ठेवला आणि विचारले, "एवढ्यासाठी सरकार?"

तक्त्यामागे खरोखरच सरकार आहे. १९६८ साली काँग्रेसने पाळणाघरांतील मुलांच्या जेवणासाठी प्रायोगिक म्हणून एक तजवीज केली, ती पुढे कायम झाली, आणि आज कृषिखात्याच्या अंमलाखाली चालणाऱ्या त्या योजनेत, ठरल्या मापाने मुलांना खाऊ घातल्याचा दाखला देणाऱ्या पाळणाघराला खर्चाची भरपाई मिळते. ज्या पाळणाघरांना ही भरपाई घ्यायची नसते, त्यांतलीही कित्येक हाच नमुना पुढे ठेवतात. मापांची मोठी फेररचना २०१७ च्या ऑक्टोबरात अमलात आली. वर्षाच्या आतील मुलाला फळांचा रस देण्यास मनाई झाली, ती तेव्हापासून. परंतु चमच्याच्या मापापर्यंत येऊन पोचण्यापूर्वी या देशात लहान मुलाच्या घासाची मुखत्यारी आजीकडून वैद्याकडे, वैद्याकडून सरकारी पुस्तिकेकडे आणि पुस्तिकेकडून कारखान्याकडे अशी हस्तांतरित होत गेली आहे, आणि या साऱ्या व्यवहारात, ज्याच्या तोंडात घास जायचा त्याला कोणी विचारले, असा प्रसंग मला एकच आढळला. त्याच्यापर्यंत मी सावकाश जाणार आहे.

आरंभ फिलाडेल्फियापासून करावा असे मला वाटते, कारण तेथे आपले एक माणूस होते. १८८३ साली आनंदीबाई जोशी त्या शहरातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते, आणि त्यांच्या एकुलत्या अपत्याला, जे अवघे दहा दिवस जगले, जाऊन काही वर्षे झाली होती. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र. त्याच फिलाडेल्फियात, त्या शिकत असतानाच, १८८५ मध्ये आर्थर मेग्ज नावाच्या वैद्याने दुधाच्या पृथक्करणावर व अर्भकांच्या अन्नावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि गाईच्या दुधात मातेच्या दुधाहून घट्ट होणारे द्रव्य कितीतरी अधिक असते, सबब ते तसेच्या तसे अर्भकाला पाजणे म्हणजे त्याच्या पोटावर अत्याचार आहे, असे प्रयोगाने दाखवून पाणी, साय, चुन्याची निवळी व दुग्धशर्करा यांच्या मिश्रणाची कृती सांगितली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळी अमेरिकेतील मोठ्या शहरांत आईचे दूध न मिळणाऱ्या तान्ह्या मुलाचे भवितव्य सर्वस्वी बाजारच्या दुधावर अवलंबून असे, आणि ते दूध म्हणजे काय प्रकार होता, ते न्यूयॉर्कमधील फ्रँक लेस्लीच्या सचित्र साप्ताहिकाने १८५८ मध्येच उघडकीस आणले होते. मद्याच्या भट्ट्यांना लागून असलेल्या कोंदट गोठ्यांत भट्टीचा गरम चोथा खाऊन जगणाऱ्या रोगट गाई, शेपट्या गळालेल्या, अंगावर गळवे उठलेल्या. त्यांचे निळसर पातळ दूध. आणि ते पांढरे व दाट दिसावे म्हणून त्यात कालवलेली खडूची पूड. उन्हाळा लागला की शहरांतून अर्भकांना हगवण लागे, आणि जुलै-ऑगस्टात लहान शवपेट्यांची रांग लागे. पुढे १८९३ साली नेथन स्ट्राउस या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने पूर्वेकडील तिसऱ्या रस्त्याच्या धक्क्यावर गरिबांसाठी तापवून निर्जंतुक केलेल्या दुधाचे केंद्र उघडले. दूध पाश्चरीकृत असलेच पाहिजे असा कायदा शिकागो शहराने केला, तो १९०८ मध्ये.

दुधाचा भरवसा नाही, म्हणजे भुकटीचा व्यापार चालणार, हे ओघानेच आले. लीबिग आणि नेस्ले यांचे शिशुआहार युरोपातून आले होतेच. मराठी वाचकाला ज्याचे नाव आजारपणाच्या संदर्भात घरोघर माहीत आहे, ते हॉर्लिक्सही मूळचे याच बाजारातले. जेम्स व विल्यम हे हॉर्लिक बंधू इंग्लंडातून येऊन विस्कॉन्सिन राज्यातील रसीन गावी स्थिरावले, आणि १८८३ साली, म्हणजे आनंदीबाई बोटीतून उतरल्या त्याच वर्षी, दूध व माल्ट यांच्या कोरड्या भुकटीचे एकस्व त्यांनी मिळवले. तान्ह्या बाळांसाठी व दुखणाईतांसाठी योजलेला हा पदार्थ एका शतकाच्या आत आमच्या सदाशिव पेठेत परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा खुराक व्हावा, यात वस्तूंच्या नशिबाची गंमत आहे.

याच काळात अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांतून दात येणाऱ्या किरकिऱ्या मुलांसाठी मिसेस विन्स्लो यांचे 'शामक' सरबत राजरोस विकले जाई, आणि त्यात मॉर्फिन असे. ते आहे हे बाटलीवर छापण्याची सक्ती १९०६ च्या कायद्याने केली. हे वाचून आपण नाके मुरडण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बाया पोर दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत, आणि ती चाळीच्या तोंडाशी सहज मिळे. आजीच्या बटव्याचे गुणगान करताना ही गोळीही कोणाच्या तरी बटव्यातच होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता वैद्यांचा अंमल. बोस्टनमध्ये हार्वर्डचे अध्यापक टॉमस मॉर्गन रॉच यांनी असा सिद्धान्त मांडला की प्रत्येक अर्भकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे स्निग्धांश, शर्करा व प्रथिने यांचे वेगवेगळे प्रमाण लागते आणि ते शेकडेवारीत लिहून द्यावे लागते; त्या चिठ्ठीबरहुकूम दूध बनवून घरपोच करण्यासाठी १८९१ मध्ये तेथे वॉकर-गॉर्डन या नावाची प्रयोगशाळाच स्थापन झाली. दशांशाचा फरक पडला तरी मूल आजारी पडेल, अशी या पंथाची श्रद्धा होती. तिच्यापायी एक पिढीभर वैद्य बीजगणित करीत बसले. याहून अधिक दूरवर पोचले ते न्यूयॉर्कच्या बाल-रुग्णालयाचे डॉक्टर एमेट होल्ट यांचे पुस्तक. १८९४ मध्ये निघालेले हे पुस्तक मुळात दायांना शिकवण्यासाठी प्रश्नोत्तररूपाने लिहिले होते, आणि एखाद्या धर्मोपदेशाच्या गुटक्याप्रमाणे ते घरोघरच्या आयांनी तोंडपाठ केले. घड्याळाच्या काट्यावर दूध, आठवड्याच्या आठवड्याला वजन, आणि घन अन्नाच्या बाबतीत कमालीची सावधगिरी. मुलाची दोन-तीन वर्षे होईपर्यंत हिरव्या भाज्या शक्यतो नकोत, हे त्या पिढीच्या वैद्यांचे साधारण मत होते. त्यामागे हेका नव्हता, भीती होती. उन्हाळ्यात भाजी येते, उन्हाळ्यातच हगवण येते, तेव्हा दोष भाजीचा, असे अनुमान ज्यांनी इतकी मुले दगावताना पाहिली त्यांनी केले, तर त्यांना हसवत नाही. पण परिणाम असा झाला की अतिशय सधन, अतिशय दक्ष अशा घरांतून, जेथे दूध पुन्हा पुन्हा उकळून आणि भाजीपाला वर्ज्य करून मुले वाढत होती, त्यांच्या हिरड्या सुजू लागल्या, पाय दुखू लागले. आणि १८९८ साली अमेरिकन बालवैद्यांच्या संस्थेला बालकांच्या स्कर्व्हीचीच चौकशी करावी लागली. खलाशांचा रोग पाळण्यात आला होता. झोपडीतले मूल, आईच्या ताटातला उकडलेला बटाटा चोखणारे, त्यातून वाचले.

मग सरकार आले, तेही एका नमुनेदार बाईच्या हाताने. १९१२ साली वॉशिंग्टनमध्ये बालकल्याणाचे एक स्वतंत्र खाते निघाले आणि त्याच्या प्रमुखपदी ज्युलिया लॅथ्रप यांची नेमणूक झाली. त्या वैद्य नव्हत्या, शिकागोच्या हल हाउसमध्ये गरीब वस्तीत काम केलेल्या समाजसेविका होत्या. त्यांनी १९१४ मध्ये अर्भकसंगोपनावर एक पुस्तिका काढली व ती लिहिण्याचे काम मेरी मिल्स वेस्ट या पाच मुलांच्या विधवा आईला दिले. पुस्तिका मागेल त्याला मिळे. तिच्या लक्षावधी प्रती गेल्या, आणि उलट टपालाने खात्याच्या दप्तरात पत्रांचे ढीग आले. मैलोगणती शेजार नसलेल्या शेतांवरून, खाणींच्या वस्त्यांवरून, मोडक्या स्पेलिंगात, पेन्सिलीने लिहिलेली ती पत्रे: मूल अन्न ओकून टाकते, गाय आटली आहे, सासू म्हणते तसे करू की पुस्तिका म्हणते तसे. ज्या देशात सासूचे गाव हजार मैलांवर राहते, तेथे सरकारने सासूची जागा घ्यावी हे स्वाभाविकच होते. आणि पुस्तिका बाईने लिहिली आहे, वैद्याने नाही, ही तक्रार वैद्यांनी केली, तेही स्वाभाविकच. पुढील आवृत्त्यांवरून त्यांचा हात फिरला. या उपदेशाला आणखी एक बाजू होती. इटलीतून, पोलंडमधून आलेल्या स्त्रियांना आहारतज्ज्ञ बायका सांगत, की मसाले सोडा, लोणची सोडा, एकात एक कालवलेले पदार्थ सोडा. मुलाला दूध, लापशी आणि वेगळी वेगळी उकडलेली भाजी द्या, म्हणजे मूल अमेरिकन होईल. कालवलेल्या अन्नावर त्या लोकांचा एवढा राग का, हे मला समजले नाही. वरणभात कालवून भरवणारी बाई त्यांच्या हाती लागली असती, तर तिचे काय झाले असते कोण जाणे.

वीसच्या दशकात जीवनसत्त्वांची विद्या रूढ झाली आणि भाज्यांवरील बहिष्कार उठला. कॉड माशाचे तेल आले, संत्र्याचा रस आला, आणि गाजर, पालक, वाटाणे शिजवून गाळून मुलाला भरवण्याचे फर्मान निघाले. फर्मान काढणाऱ्याला गाळणीची कल्पना नसते. वाटाणे उकडायचे, गाळणीत ओतायचे, चमच्याच्या पाठीने घोटायचे, साल वर राहील, गर खाली पडेल, मग पुन्हा तीच गाळणी घासायची. आणि इतके करून हाती येणार चार चमचे, त्यांतले दोन मूल थुंकणार. मिशिगन राज्यातील फ्रीमॉन्ट गावी १९२७ च्या उन्हाळ्यात डोरोथी गर्बर या बाई आपल्या सात-आठ महिन्यांच्या सॅलीसाठी हेच करीत होत्या, आणि त्यांच्या यजमानांच्या घरचा फळे-भाज्या डबाबंद करण्याचा कारखाना होता. कंपनीच्या घरात चालत आलेली कथा अशी आहे, की यजमान बाहेर जाण्यासाठी तयार होऊन बसले असता बाईंनी वाटी आणि गाळणी त्यांच्यापुढे ठेवली व एकवार करून पाहा म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी गर्बरच्या गाळलेल्या भाज्यांचे डबे मासिकांतील जाहिरातींबरोबर देशभर निघाले. एक डॉलर पाठवा, तुमच्या वाण्याचे नाव कळवा, सहा डबे घरी येतील, अशी योजना होती. बाळांसाठी डबे भरणारे तेच पहिले नव्हेत. रॉचेस्टरच्या हॅरल्ड क्लॅपनी १९२१ मध्येच बालकांचे सूप विकायला काढले होते. पण बाळाचे अन्न म्हणजे ओळीने मांडलेली एकसारखी चिमुकली भांडी, हे चित्र जगाच्या डोळ्यांपुढे उभे केले ते फ्रीमॉन्टने. आमच्याकडे नाचणीचे सत्त्व काढताना रात्रभर भिजलेली नाचणी वाटून मलमलच्या फडक्यातून पिळायची, दुधासारखे पाणी परातीत निवत ठेवायचे, वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे आणि तळचा साका उन्हात वाळवायचा, हे ज्यांनी केले आहे, त्या कोणत्याही बाईने डोरोथी गर्बर यांना नावे ठेवू नयेत.

हे डबे बाजारात आले त्याच १९२८ साली बालरोगांच्या एका नियतकालिकात क्लारा डेव्हिस या स्त्री-वैद्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. मी ज्या प्रसंगाकडे सावकाश येत होतो, तो हा.

क्लीव्हलँडच्या माउंट सायनाय रुग्णालयात आणि नंतर शिकागो येथे, १९२६ पासून काही वर्षे, डेव्हिसबाईंनी एकंदर पंधरा मुले वाढवली. ती गरीब वा निराधार आयांची होती, सहा ते अकरा महिन्यांची, नुकतीच अंगावरून सुटलेली. आईच्या दुधाखेरीज त्यांनी काही चाखले नव्हते, म्हणजे भाताला भात व मिठाला मीठ म्हणतात हेही त्यांच्या जिभेला कोणी शिकवलेले नव्हते. त्यांच्यासाठी चौतीस पदार्थांची यादी केली. दूध साधे व आंबवलेले, अंडी, गोमांस, कोकराचे मांस, कोंबडी, मासे, यकृत, मूत्रपिंड, मेंदू, हाडांतील मगज, ओट, गहू, मका, बार्ली, बटाटा, गाजर, बीट, वाटाणे, फुलकोबी, पालक, टोमॅटो, सफरचंद, केळे, पीच, अननस, संत्र्याचा रस. साखर नाही, लोणी नाही, डबाबंद काही नाही. एकात दुसरे मिसळायचे नाही, शिजवताना मीठ घालायचे नाही, ते वेगळ्या वाटीत. प्रत्येक जेवणाला यांपैकी काही वाट्या ताटात मांडून मुलापुढे ठेवीत, आणि जवळ बसलेल्या परिचारिकेला हुकूम असा, की हातात चमचा धरून गप्प बसायचे. एखाद्या वाटीकडे बोट करायचे नाही, मान डोलवायची नाही, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दाखवायची नाही. मुलाने स्वतः हात पुढे केला अथवा बोट दाखवले, तरच त्या वाटीतला चमचाभर घास उचलायचा, आणि त्याने तोंड उघडले, तरच आत घालायचा. उठताना प्रत्येक वाटीतले उरलेले, सांडलेले, थुंकलेले तोलून वहीत मांडायचे.

पहिल्या जेवणाला ही मुले काय करतील, याविषयी कोणालाच अंदाज नव्हता. त्यांनी सर्व चाखून पाहिले. वाट्या, चमचे, ताटाची कड आणि कागदसुद्धा. मिठाने त्यांना ठसका लागे, डोळ्यांत पाणी येई, आणि कित्येकदा ती पुन्हा त्याच वाटीला हात घालीत. काही दिवसांत मात्र प्रत्येकाच्या आवडी निघाल्या, आणि त्या कोणत्याही आहारशास्त्रात बसणाऱ्या नव्हत्या. न्याहारीला अर्धा लिटर संत्र्याचा रस व वर यकृत. रात्री अनेक अंडी, केळी व दूध. कधी अंड्यांचे वेड लागे, कधी धान्याचे, कधी मांसाचे, आणि ते आठवड्यागणिक ओसरे. पंधरांपैकी कोणाही दोघांचा आहार सारखा झाला नाही. तरीसुद्धा महिन्यांचे हिशेब लावले तेव्हा मुले वाढली होती, हाडे भरली होती, भूक टवटवीत होती. एक मुलगा मुडदुसासह आला होता. त्याच्या ताटात कॉड माशाच्या तेलाची वाटी जादा ठेवली, ती तो आपण होऊन अनियमितपणे पीत राहिला, आणि हाडे सावरल्यावर त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

१९३९ साली डेव्हिसबाईंनी या सर्वाचा आढावा कॅनडातील वैद्यकीय परिषदेपुढे मांडला, तेव्हा या प्रयोगातील खुबी कशात आहे, हे त्यांनी स्वतःच उघड केले. खुबी यादीत आहे, असे त्या म्हणाल्या. ताटात वाईट काही नव्हतेच, म्हणून निवड चुकणे अवघड होते. साखर, पांढरा मैदा व डबाबंद पदार्थ यादीत घालून हाच प्रयोग पुन्हा करावा, अशी त्यांची इच्छा होती. मंदीने पैसा आटला, आणि ते राहूनच गेले. मला या बाईंविषयी जो आदर वाटतो, तो त्यांच्या निष्कर्षाइतकाच या कबुलीमुळे. मुलाला कळते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मुलापुढे काय मांडायचे याची जबाबदारी मोठ्यांचीच आहे, हे त्याच दमात सांगणारे थोडे. पुढे विस्कॉन्सिनच्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात हीच वाटणी केली, की काय, केव्हा व कोठे हे आईबापांनी ठरवावे, किती आणि मुळात खायचे की नाही हे मुलाने.

मधल्या काळात बाजाराचा प्रवाह उलट वाहत होता. डबे स्वस्त झाले, काचेच्या बरण्या आल्या, आणि मूल आज काय खाऊ लागले हा आयांच्या गप्पांत प्रतिष्ठेचा विषय झाला. पन्नासच्या दशकापर्यंत घन अन्न चौथ्या ते सहाव्या आठवड्यात देणे सर्रास झाले होते. फ्लॉरिडाचे एक डॉक्टर, वॉल्टर सॅकेट, यांनी १९६२ मध्ये तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धान्याची खीर व दहाव्या दिवसापासून भाज्या देण्याचा सल्ला पुस्तकरूपाने दिला. होल्टच्या पिढीत दोन-तीन वर्षे, सॅकेटच्या हाती दहा दिवस! बाळाचे आतडे मात्र दोन्ही पिढ्यांत तेच होते. बरण्यांतल्या अन्नात मीठ, साखर आणि चव खुलवणारे ग्लुटामेट पडे, ते कोणासाठी? बाळाला फरक कळत नसे. चमचा आधी आईच्या जिभेला लागे, आणि ती आळणी म्हणाली की बरणी पुन्हा विकत घेतली जात नसे. १९६९ मध्ये ग्लुटामेटवर बोभाटा झाला व कंपन्यांनी ते काढून टाकले. मीठ जायला सत्तरचे दशक सरत आले. हळूहळू आकडा मागे सरकत सहा महिन्यांच्या आसपास येऊन थांबला.

सहावा महिना! मनुस्मृतीने अन्नप्राशनाला सांगितलेला महिना तोच, आणि आमच्या घरांत मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्यात, मुलीचे पाचव्या किंवा सातव्यात, अशी वहिवाट तेव्हापासून चालत आलेली. या योगायोगाने आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांना इतका आनंद झाला, की त्यांनी गणेशोत्सवात त्यावर अर्धा तास भाषण केले. मला ते पटले नाही. ज्या वहिवाटीने सहावा महिना बरोबर सांगितला, तिनेच जन्मलेल्या मुलाच्या जिभेवर मध ठेवायला व गुटी मधात उगाळायला सांगितले आहे; आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात अर्भकांच्या बोट्युलिझमची ओळख पटल्यावर त्याचे बीज मधात सापडते असे पुढील दोन-तीन वर्षांत सिद्ध झाले, म्हणून येथे वर्षाच्या आत मध निषिद्ध आहे. वहिवाट एका कलमात खरी ठरली म्हणून सबंध सनद खरी ठरत नाही.

१९६५ च्या कायद्याने देशोदेशींच्या माणसांना या देशाचे दार उघडले आणि मराठी डॉक्टर, इंजिनियर सपत्नीक येऊ लागले, तेव्हा त्यांच्या पहिल्या मुलांच्या घासाची मोठीच पंचाईत झाली. शिकागोच्या डेव्हन रस्त्यावर पटेल बंधूंचे दुकान निघाले ते १९७४ मध्ये. त्याआधी आलेल्या बायका 'क्रीम ऑफ व्हीट'च्या खोक्याला रवा मानून मऊ सांजा करीत, आणि मेतकूट सुटकेसच्या तळाशी साड्यांच्या घडीत येई. पाहुण्यांना येथे एका वेळी साधारण सहा महिन्यांची मुदत मिळते. बाळंतपणाला आलेली आजी डिंकाचे लाडू, अहळीव आणि सहाण घेऊन उतरते, व उष्टावण होते न होते तोच तिची मुदत संपते. मग पेज, मऊ भात, वरणाचे पाणी यांची परंपरा पुढे फोनवरून चालते.

माझ्या नातवाच्या उष्टावणाला मामा बंगळुरात होता. त्याने पडद्यावरून चांदीच्या वाटीकडे बोट दाखवले, आणि खीर भरवली ती जावयाच्या मित्राने. खिरीवरूनही चर्चा झालीच. सरकारी आहारसूचनांनी २०२० मध्ये दोन वर्षांखालील मुलांचाही विचार केला, आणि वरून घातलेली साखर त्या वयात मुळीच नको असे सांगितले आहे. सबब खीर खजुराची. तांदळाचेही तसेच. अर्भकांच्या तांदूळपिठातील सेंद्रियेतर आर्सेनिकला अन्न व औषध खात्याने २०२० मध्ये दर अब्जात शंभर भाग अशी मर्यादा घातली, तेव्हापासून मुलगी पेजेकडे थोड्या संशयाने पाहते आणि ओक ट्री रस्त्यावरून नाचणी आणते. सर्वांत मौज शेंगदाण्याची. तो तीन वर्षांपर्यंत देऊ नका, असा सल्ला येथील बालवैद्यांनी २००० मध्ये धोका असलेल्या मुलांसाठी दिला होता. २००८ मध्ये त्याला आधार नाही म्हणून तो मागे घेतला. आणि लंडनच्या एका प्रयोगाने २०१५ मध्ये उलट लवकर दिल्याने वावडे टळते असे दाखवल्यावर, २०१७ पासून अशा मुलांना चौथ्या ते सहाव्या महिन्यातच द्या, असे सांगू लागले. म्हणून घरी आमच्या नातवाच्या भाजीत दाण्याचे कूट डॉक्टरांच्या संमतीने पडते, आणि पाळणाघराच्या दारावर शेंगदाणा आत आणण्यास सक्त मनाई असल्याची पाटी आहे. दोन्ही हुकूम त्याच मुलाच्या भल्याचे.

संध्याकाळी त्याच्याबरोबर एक चिठ्ठी येते. तिच्यात झोप किती, कपडे किती वेळा बदलले, आणि प्रत्येक खाण्यापुढे सर्व, बहुतेक, थोडे, नाही यांपैकी एका शब्दाभोवती वर्तुळ असते. परवा दुपारच्या जेवणाच्या रकान्यात वाटाणे अष्टमांश कप, नासपती अष्टमांश कप, कोंबडी एक औंस असे होते, आणि वर्तुळ 'थोडे' या शब्दाभोवती होते. माझ्या पत्नीने ती चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि कुकर लावला. मी हातात चमचा धरून, चेहऱ्यावर काही न दाखवता, त्याच्या उंच खुर्चीजवळ जाऊन बसलो. त्याने भाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मेतकुटाची बरणी जेथे असते त्या कपाटाकडे बोट केले.